इलैयाराजा आपले की त्यांचे? पार्श्वसंगीत, मेरिट आणि बाबासाहेबांची कसोटी



छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबादेत) भरणाऱ्या अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या २०२६ सालच्या पद्मपाणी पुरस्कारासाठी इलैयाराजा यांची निवड झाली आणि आपल्या तरुण कार्यकर्त्यांत वादाला तोंड फुटले. सर्वश्रेष्ठ चित्रपट-संगीतकार कोण, हा एरवी चहाच्या टपरीवरचा प्रश्न. पण आपल्याकडे तो तेवढ्यावर थांबत नाही. एक गट म्हणाला, तमिळनाडूतल्या दलित घरातला माणूस, बोधिसत्त्व पद्मपाणीच्या नावाचा पुरस्कार, तोही मिलिंद महाविद्यालयाच्या आणि नामांतराच्या शहरात. याहून अभिमानाची गोष्ट कोणती? दुसरा गट म्हणाला, ज्यांनी २०२२ साली बाबासाहेबांची तुलना पंतप्रधान मोदींशी केली, त्यांच्यासाठी आम्ही टाळ्या वाजवणार नाही. तिसरा गट म्हणाला, मद्रासपर्यंत जाता कशाला, आपले अजय-अतुल काय कमी आहेत?

आमचे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत कोणी ताटकळत राहणार नाही. पार्श्वसंगीताच्या कामात आज हयात असलेल्या भारतीय संगीतकारांपैकी पहिले नाव इलैयाराजांचे आहे. आणि 'महापुरुष' हा शब्द आम्ही त्यांना लावणार नाही. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. ती एकमेकांत न मिसळता मांडता येणे हीच आंबेडकरी विवेकाची परीक्षा आहे. राहिला तिसरा मुद्दा, जो या भांडणात कोणीच काढला नाही. तो म्हणजे, 'सर्वश्रेष्ठ' ठरवण्याआधी स्पर्धेत कोणाकोणाचे नाव घातले जाते आणि कोणाचे घातलेच जात नाही?

गाणे वेगळे, पार्श्वसंगीत वेगळे

आपल्याकडचा वाद बहुतेक वेळा गाण्यांवर होतो. कोणाचे गाणे जयंतीच्या मिरवणुकीत जास्त वाजते, कोणाच्या गाण्याला किती कोटी लोकांनी पाहिले, अशी मोजणी सुरू होते. गाणे कानाला लगेच कळते, त्याला शब्द असतात, ते चित्रपटातून बाहेर काढून मोबाइलवर ऐकता येते. पार्श्वसंगीताचे तसे नाही. ते संवादाच्या खाली, दोन दृश्यांच्या सांध्यात, पात्राच्या न बोललेल्या मनात वाजते. आई दारात उभी आहे, एवढेच पडद्यावर दिसते. ती मुलाची वाट पाहते आहे, की सावकाराला घाबरते आहे, हे कित्येकदा आपल्याला संगीत सांगते. प्रेक्षकाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून या कामाचे मोल करताना लोकप्रियता फार उपयोगाची नाही. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांतही गाणी आणि पार्श्वसंगीत यांचे स्वतंत्र पुरस्कार २००९ च्या चित्रपटांपासूनच नियमित झाले. त्या वर्षीचा पार्श्वसंगीताचा पुरस्कार 'पळसी राजा' या मल्याळम चित्रपटासाठी इलैयाराजांनाच मिळाला.

स्पर्धेतली इतर नावे लहान नाहीत, हेही मान्य करू. सलील चौधरींनी 'कानून' (१९६०) या एकही गाणे नसलेल्या हिंदी चित्रपटाला पार्श्वसंगीत दिले. वनराज भाटियांनी श्याम बेनेगलांचे 'अंकुर', 'निशांत', 'मंथन', 'भूमिका' आणि पुढे गोविंद निहलानींचे 'तमस' सांभाळले. आपल्या पुण्याचे भास्कर चंदावरकर 'सामना'पासून 'मायादर्पण'पर्यंत अगदी मोजके सूर वापरून काम करीत. ए. आर. रहमान यांना २००९ साली 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या पार्श्वसंगीतासाठी ऑस्कर मिळाले. तेच रहमान कोवळ्या वयात इलैयाराजांच्या वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवत होते.

मग इलैयाराजाच का? आमची कारणे तीन. पहिले कारण, कामाची पद्धत. ते चित्रपट पाहतात आणि वाद्यवृंदातल्या प्रत्येक वाद्याचे स्वरलेखन स्वतःच्या हाताने कागदावर उतरवतात. व्हायोलिनने काय वाजवायचे, बासरी कुठे शिरायची, तबला कुठे गप्प बसायचा, हे सगळे आधी डोक्यात तयार असते. हिंदीत हे काम अनेकदा संगीतकाराऐवजी ॲरेंजर करीत आले. इथे चाल सुचणे आणि वाद्यवृंद लिहिणे एकाच डोक्यात घडते. दुसरे कारण, चित्रावरची पकड. कमल हासन यांच्या 'हे राम' (२०००) या चित्रपटाची गाणी आधी दुसऱ्या संगीतकाराच्या चालींवर चित्रित झाली होती. तो संगीतकार बाजूला झाल्यावर इलैयाराजांनी पडद्यावरच्या ओठांच्या हालचाली बघून, त्या मापात बसतील अशा नव्या चाली बांधल्या. शिवलेल्या कपड्याला नवे कापड आतून बसवण्यासारखे हे काम आहे. तिसरे कारण, आवाका. १९७६ च्या 'अन्नकिळी'पासून हजाराहून अधिक चित्रपट, पाच राष्ट्रीय पुरस्कार, आणि ८ मार्च २०२५ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, लंडनमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राकडून स्वतःच्या सिंफनीचे सादरीकरण. गावच्या शिवारातले गाणे आणि युरोपचा वाद्यवृंद एकमेकांशेजारी बसवले, आणि दोघांपैकी कोणालाही जमिनीवर बसवले नाही.

मेरिटवाल्यांना एक प्रश्न

आता त्यांच्या सुरुवातीकडे पाहू. वनराज भाटिया लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकले, मग पॅरिसला गेले. चंदावरकर रविशंकरांकडे सतार शिकले. या शिक्षणाबद्दल आमच्या मनात आदरच आहे. इलैयाराजांची पहिली शाळा होती थेनी भागातल्या पन्नैपुरम गावातून निघणारी थोरले भाऊ पावलर वरदराजन यांची गायनमंडळी. हे भाऊ कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचाराची गाणी गात गावोगाव फिरत. पोरवयातला राजा त्यांच्याबरोबर हार्मोनियम घेऊन निघाला. आपल्याकडच्या वाचकाला हे चित्र परके वाटू नये. भीमराव कर्डकांचा जलसा, अण्णाभाऊंचे कलापथक, वामनदादांची रात्र रात्र चालणारी गायनपार्टी, हीच ती शाळा. पुढे मद्रासला आल्यावर धनराज मास्टरांकडे पाश्चात्त्य संगीताचे धडे, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची गिटारची परीक्षा आणि जी. के. वेंकटेश यांच्या हाताखाली उमेदवारी. चळवळीच्या रस्त्यावरून हा माणूस स्वरलेखनाच्या वहीपर्यंत पोहोचला.

समाजशास्त्रात 'सांस्कृतिक भांडवल' हा शब्द आपण शिकतो. घरात पियानो असणे, आजीने राग शिकवणे, वडिलांचा मित्र आकाशवाणीवर असणे, हे पैशात न दिसणारे भांडवल असते, आणि परीक्षेच्या दिवशी त्यालाच 'उपजत प्रतिभा' म्हणतात. आरक्षणाचा विषय निघाला की मेरिटचा जप करणाऱ्यांना आम्ही विचारू इच्छितो: ज्याच्या समाजाला ढोल वाजवायला बोलावले जायचे पण वाजवून झाल्यावर ओट्यावर बसू दिले जायचे नाही, त्या समाजातला माणूस सिंफनी लिहितो, तेव्हा तुमचे मेरिट कुठे बसवायचे?

पण इथे एक सापळा आहे, आणि त्यात आपलीच मुले आधी पडतात. 'बघा, अंगात कला असली की जात आड येत नाही,' असे म्हणायला एक इलैयाराजा पुरेसा होतो. एकाचे यश लाखांच्या दारावरचे कुलूप झाकायला वापरले जाते. अमेरिकेतही हेच झाले. काळ्या वादकांचे जॅझ हॉलिवूडने कित्येक वर्षे पडद्यावर आणि पडद्यामागे वापरले, पण संगीतकार म्हणून नाव लावायची वेळ आली की दारे बंद. क्विन्सी जोन्स यांना 'द पॉनब्रोकर' (१९६४) आणि मग 'इन द हीट ऑफ द नाइट' (१९६७) मिळेपर्यंत बहुतेक स्टुडिओंच्या दृष्टीने काळा माणूस वाजवणारा होता, लिहिणारा नव्हता. वाजवणारा आणि लिहिणारा यांच्यातली ही भिंत आपल्या ओळखीची आहे. आपल्याकडे तिचे नाव जात.

श्रेयनामावलीत नसलेले हात

आता महाराष्ट्रात येऊ. मराठी चित्रपटाचा आवाज कोणी घडवला? 'सांगत्ये ऐका' (१९५९) म्हटले की वसंत पवार, 'पिंजरा' (१९७२) म्हटले की राम कदम, ही नावे आपण घेतो आणि ती घेतलीच पाहिजेत. पण ज्या ढोलकीवर हे सगळे ढोलकीपट उभे राहिले, ती ढोलकी तमाशाच्या फडातून आली. तो फड महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी पिढ्यानपिढ्या चालवला. हलगी मांगवाड्यातली. सनई आणि वाजंत्री सोलापूर-सातारा पट्ट्यात होलार समाजाची. संबळ गोंधळ्यांचे, चौंडके जोगतिणींचे, दिमडी वाघ्यांची. चामडे कमावणारा हात वेगळा, ते चढवणारा वेगळा, वाजवणारा वेगळा, आणि पाटीवर नाव येणारा आणखीच वेगळा. चित्रपटाच्या पाट्या सरकतात तेव्हा यांच्यासाठी एकच शब्द असतो: 'पारंपरिक'. पारंपरिक म्हणजे ज्याला मालक नाही असे. आणि मालक नाही म्हणजे मानधनही नाही.

मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत गोव्याच्या ख्रिस्ती वादकांवरही असाच अन्याय झाला. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या ॲरेंजरांनी वाद्यवृंद लिहिले, पण प्रेक्षकाला माहीत राहिले ते संगीत दिग्दर्शकाचे नाव. निदान त्यांच्यावर पुढे अभ्यासकांनी पुस्तके तरी लिहिली. मराठी चित्रपटांत हलगी वाजवणाऱ्या माणसावर कोणी लिहिले?

अजय-अतुल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो 'जोगवा'साठी. तो चित्रपट जोगते-जोगतिणींचा, म्हणजे देवीच्या नावाने सोडलेल्या माणसांचा. इलैयाराजांचा पाचवा राष्ट्रीय पुरस्कार पार्श्वसंगीतासाठी 'तारै तप्पट्टै'ला. तो चित्रपट लोकवाद्ये वाजवत, नाचत फिरणाऱ्या मंडळीचा, आणि त्यांचा हजारावा म्हणून गाजलेला. दोन्ही ठिकाणी देशाने सन्मान केला तो गावकुसाबाहेरच्या आवाजाचा. आमची तक्रार या दोघांपैकी कोणाविषयी नाही. त्यांनी तो आवाज प्रामाणिकपणे ऐकला आणि मोठ्या पडद्यावर नेला. तक्रार आहे ती आपल्या मोजपट्टीविषयी. ती फक्त शेवटच्या सहीवर पुरस्कार देते.

म्हणूनच इलैयाराजांचे एक वागणे, ज्यावर बहुतेक जण वैतागतात, ते आम्हाला महत्त्वाचे वाटते. २०१७ साली त्यांनी एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांना परवानगीशिवाय आपली गाणी मंचावर गाण्याबद्दल नोटीस पाठवली. २०२४ साली 'मंजुम्मेल बॉइज' या मल्याळम चित्रपटाच्या निर्मात्यांनाही पाठवली. लोक म्हणाले, किती हा अहंकार, कला म्हणजे काय दुकान आहे का? ज्यांच्या पूर्वजांनी शतकानुशतके बलुत्याच्या चार पायल्यांवर वाजवले, त्यांच्यातला एक जण आज म्हणतो की माझ्या स्वराचे पैसे द्या, तर आपण त्याला अहंकारी म्हणायचे? हे श्रमाच्या मालकीचे भांडण आहे. कायद्याच्या तपशिलात निर्मात्याचा, गीतकाराचा, गायकाचा वाटा किती, हे न्यायालय ठरवील. पण हक्क मागण्याच्या त्या कृतीला आम्ही आंबेडकरीच म्हणू, करणाऱ्याला तो शब्द आवडो वा न आवडो.

वाद्य टाकायचे की परत घ्यायचे?

इथे आपल्या घरातला एक जुना प्रश्न येतो. गावकीची कामे सोडा, हे बाबासाहेबांनी महाडच्या लढ्यापासून सांगितले. मेलेली जनावरे ओढणे सुटले, दवंडी सुटली, सणाला दारोदार वाजवत फिरणे सुटले. ते सुटले म्हणून आपण माणसात आलो. त्या निर्णयाबद्दल कोणाच्या मनात तिळमात्र शंका असू नये. वाजवणे ही जेव्हा सक्ती असते, तेव्हा ते वाजवणे गुलामी असते.

मग आता तमिळनाडूकडे पाहा. 'परैयर' या जातिनामाचे नाते 'परै' या वाद्याशी सांगतात, आणि त्यावरूनच इंग्रजीत 'पराया' अशा अर्थाचा हिणवणारा शब्द गेला. मयताला वाजवायचे म्हणून ते वाद्य अपवित्र. तिथल्या दलित तरुणांनी एका पिढीत ते वाद्य उलटे फिरवले. मयताला वाजवणार नाही, पण मोर्चात, लग्नात, महाविद्यालयाच्या मंचावर वाजवू, आणि मान वर करून वाजवू. दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह'ने २०१८ च्या जानेवारीत चेन्नईत पहिला जाहीर कार्यक्रम केला, तेव्हा परै आणि गिटार एका रांगेत उभे होते. त्याच वर्षी धारावीवरचा 'काला' आला, पुढे 'कर्णन' आला. संतोष नारायणन यांच्या संगीतात ढोल हा मजा आणायला घातलेला मसाला नाही. तो पात्राइतकाच बोलतो.

आपल्याकडे हे अर्धवट झाले. बौद्ध तरुणाच्या हातातले वाद्य सुटले, आणि मातंग बांधवाच्या हातात राहिले ते पोटासाठी. आज लग्नाच्या वरातीत हलगीवाल्याला सुपारी द्यायला आपणही जातो आणि घासाघीस करतो. मोठ्या पडद्यावर हलगी घुमली की शिट्ट्या मारतो, आणि वस्तीतल्या हलगीवाल्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते. ज्या वाद्यावर आपला सिनेमा उभा आहे, त्याच्या वादकाशी आपले नाते काय, याचे उत्तर आधी आपण द्यायचे आहे.

थांबता येणे

तिसऱ्या गटाच्या प्रश्नाला, म्हणजे अजय-अतुल यांच्या बाजूला, बगल देणे बरे नाही. 'सैराट'साठी (२०१६) या भावांनी हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत सिंफनी वाद्यवृंदाकडून संगीत वाजवून घेतले. औपचारिक शिक्षण न घेतलेल्या दोन मराठी पोरांनी हे करणे ही आपल्यासाठी अभिमानाचीच बाब आहे. परंतु 'सैराट'मधला सर्वांत मोठा क्षण कोणता? शेवटी ते लेकरू घरात येते, आईबापांना पाहते आणि रडत बाहेर निघते, पायाचे ठसे उमटत जातात. तिथे आवाजच नाही. एवढा मोठा वाद्यवृंद हाताशी असताना तिथे काही वाजवायचे नाही, हा निर्णय कोणत्याही सिंफनीहून मोठा आहे. थिएटरमधून लोक मुक्याने उठून गेले ते त्या शांततेमुळे.

'फँड्री'तही तेच. पार्श्वसंगीत आलोकनंदा दासगुप्ता यांचे. पण मनात घर करून बसते ते शाळेतून ऐकू येणारे राष्ट्रगीत. डुक्कर हाताशी आलेले, आणि जब्याचे सगळे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे. राष्ट्र त्यांच्याकडून उभे राहण्याची अपेक्षा ठेवते. त्यांना उभे करायला मात्र राष्ट्राला वेळ नाही. एका सुराचीही भर न घालता हे सगळे कळते. 'कोर्ट' (२०१४) मध्ये संभाजी भगतांचे शाहिरी गाणे मंचावर खणखणीत वाजते, आणि न्यायालयाच्या दृश्यांत प्रेक्षकाला रडवायला व्हायोलिन येत नाही. दिवंगत वीरा साथीदारांचा नारायण कांबळे तारखांवर तारखा भोगतो, तेव्हा ऐकू येतो फक्त पंख्याचा, कागदांचा, माणसांच्या कंटाळ्याचा आवाज.

यातून आम्ही पार्श्वसंगीताची एक कसोटी काढतो. दलित माणूस पडद्यावर आला की त्याच्यामागे करुण बासरी लावायची, ही प्रस्थापित सिनेमाची जुनी खोड. ती बासरी आपल्याला दयेचा विषय करते. जे संगीत पडद्यावरच्या माणसाला स्वतःचे दुःख स्वतः बोलू देते, गरज पडली तर बाजूला होते, ते श्रेष्ठ. इलैयाराजांच्या चांगल्या कामात हा संयम आहे. आणि 'सैराट'चा शेवट पाहता अजय-अतुल यांनाही आम्ही त्या पंगतीत बसवू. फक्त पन्नास वर्षांचा ढीग आणि स्वतः लिहिलेला प्रत्येक स्वर, यांमुळे पारडे इलैयाराजांकडे झुकते.

बाबासाहेबांची कसोटी

आता दुसऱ्या गटाशी बोलू. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात न्यायमूर्ती रानडे यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त बाबासाहेबांनी भाषण केले. 'रानडे, गांधी आणि जीना' या नावाने ते प्रसिद्ध आहे. महापुरुष कोणाला म्हणावे, हा त्यातला कळीचा प्रश्न. त्यांच्या विवेचनाचा आशय असा: प्रामाणिकपणा हवाच, बुद्धीही हवी, पण या दोन गोष्टींनी माणूस फार तर नामवंत ठरतो. महापुरुष व्हायला त्याच्यामागे सामाजिक हेतूची प्रेरणा लागते, आणि समाजाला चाबूक मारण्याचे, त्याची घाण साफ करण्याचे काम त्याने करावे लागते. त्याच भाषणात त्यांनी विभूतिपूजेचा समाचार घेतला. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला.

ही कसोटी इलैयाराजांना लावली की उत्तर स्वच्छ मिळते. प्रामाणिक मेहनत आहे, असामान्य बुद्धी आहे. म्हणजे ते नामवंतांतले नामवंत. सामाजिक हेतूचा चाबूक त्यांनी हातात घेतला नाही. स्वतःकडे जातीच्या चौकटीतून पाहिले जाऊ नये, असाच त्यांचा कल राहिला. एप्रिल २०२२ मध्ये 'आंबेडकर अँड मोदी' या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी दोघांची तुलना केली आणि त्याच वर्षीच्या जुलैत राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नेमले. ती तुलना आम्हाला मान्य नाही. योजनांची यादी आणि जातिनिर्मूलनाचा विचार एका तराजूत घालता येत नाही. जो 'जातिनिर्मूलन' वाचेल त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये श्रीविल्लीपुत्तूरच्या आंडाळ मंदिरात ते अर्धमंडपाच्या उंबरठ्यावरून मागे फिरल्याची चित्रफीत सगळीकडे गेली. तिथे फक्त पुजाऱ्यांना प्रवेश असतो, असे प्रशासन म्हणाले. स्वाभिमान सोडणारा मी नव्हे, अफवा पसरवू नका, असे त्यांनी स्वतः सांगितले. त्यांचे म्हणणे आपण त्यांच्या शब्दावर मान्य करू. पण आपला प्रश्न त्यांना नाहीच. तो व्यवस्थेला आहे. गाभाऱ्याच्या अलीकडे कोणी कुठपर्यंत यायचे, हे सिंफनी लिहिणाऱ्याच्या बाबतीतही जन्मावरूनच ठरणार असेल, तर काळारामचा सत्याग्रह संपलेला नाही.

तेव्हा मित्रांनो, बहिष्कार घालणाऱ्यांना आमचे सांगणे असे: प्रस्तावना खोडून काढा, लेख लिहा, सभा घ्या. पण ज्या कानांनी तो माणूस ऐकतो ते कान फेकून देऊ नका. ब्राह्मणी समाज आपले बुद्धिमंत त्यांच्या राजकीय चुकांसकट सांभाळतो, त्यांच्या नावाने सभागृहे बांधतो. आपण आपल्या हातांनी आपली माणसे भंगारात काढतो. आणि हार घालायला निघालेल्यांना सांगणे असे: आपल्या जातीतला आहे एवढ्यावर कोणी पूज्य होत नसतो. तसे होऊ लागले तर आपण जात मोडायला निघालो होतो, हेच विसरू.

मग करायचे काय?

वाद जिंकून काही होत नाही. पुढच्या वीस वर्षांत मराठवाड्यातून एक तरी पार्श्वसंगीतकार निघावा, यासाठी काय करतो, ते महत्त्वाचे. वामनदादांच्या परंपरेत वाढलेली, भीमगीतांच्या पार्ट्यांत कीबोर्ड आणि ढोलक वाजवणारी शेकडो पोरे आपल्या वस्त्यांत आहेत. सूर त्यांच्या बोटांत आहे. स्वरलेखन शिकवणारा कोणी नाही, आणि संगणकावर ध्वनी जुळवायचे सॉफ्टवेअर घ्यायला पैसे नाहीत. वाजवणारा आणि लिहिणारा यांच्यातली भिंत इथेच उभी आहे.

म्हणून आमच्या चार सूचना. एक, प्रत्येक जयंती उत्सव समितीने डीजेच्या खर्चातून एक दिवसाची रक्कम बाजूला काढावी आणि वस्तीत वाद्य व स्वरलेखनाचा वर्ग चालवावा. बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते, हे भिंती हादरवणाऱ्या डीजेपुढे नाचताना आपण विसरतो. दोन, बार्टीने स्पर्धा परीक्षांबरोबर संगीत-संयोजन आणि ध्वनीच्या अभ्यासक्रमांसाठीही अधिछात्रवृत्ती द्यावी, ही मागणी संघटनांनी लावून धरावी. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये ध्वनीचा अभ्यासक्रम आहे. तिथे आपली मुले किती, हे विचारायला सुरुवात करू. तीन, शहरातल्या आणि तालुक्यातल्या हलगी, संबळ, सनई वादकांची नावानिशी नोंद करा, त्यांचे वादन मोबाइलवर का होईना मुद्रित करा. जो दिग्दर्शक त्यांचा आवाज घेईल, त्याच्याकडून पाटीवर नाव आणि हातात मानधन मागा. बौद्ध आणि मातंग तरुणांनी हे काम एकत्र केले, तर संगीतापलीकडेही बरेच काही जुळेल. चार, चित्रपट महोत्सवाला फक्त सेल्फीपुरते जाऊ नका. चित्रपट डोळे मिटून पाच मिनिटे ऐका. कोण बोलते आहे आणि कोणाला बोलू दिले जात नाही, ते कानाला आधी कळते.

सर्वश्रेष्ठ कोण, हे भांडण खुशाल चालू ठेवा. आमचे मत आम्ही नोंदवले आहे. पण पुढच्या वेळी ते भांडताना स्पर्धकांच्या यादीत आपल्या वस्तीतल्या एखाद्या पोराचे नाव असावे.

जय भीम! नमो बुद्धाय!